गिटारीवरचा पोपडा

मिस्त्रींनी गिटार हातात घेतली ती फक्त धूळ पुसायला. एवढं आधी ध्यानात ठेवा, कारण पुढचं ऐकल्यावर यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. काकूंचा तर अजूनही बसलेला नाही.

मिस्त्री म्हणजे पॉलिशवाले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची कपाटं, पलंग आणि दारं घासून आरशासारखी केली. शाळा त्यांनी पाहिली ती बाकांना पॉलिश मारायला गेले तेव्हा. आता खांदा भरून येतो म्हणून काम बंद होतं. म्हणजे मिस्त्री घरी बसले होते, हात काही बसायला तयार नव्हते. कुणाकडे गेले की चहा येण्याआधी टेबलाच्या खालून बोटं फिरवून यायचे आणि घरी आल्यावर म्हणायचे, "माणसं चांगली आहेत, पण खालून घासलेलं नाही."

त्यांची एक सवय होती. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश मारलं की ते वाळलं का हे अंगठ्याने बघायचं. उजवा अंगठा टेकवायचा, मनात तीन मोजायचे, उचलायचा. ठसा उमटला नाही की काम झालं. उमटला तर अजून वेळ आहे, चहा मागवा. अर्थात हे बघायचं दाराच्या आत, खालच्या कोपऱ्यात, मालकाची नजर जाणार नाही तिथे. घरात मात्र कोण मालक? काकू म्हणायच्या, "या घरात एक कपाट दाखवा, ज्यावर यांचा अंगठा नाही."

तर ही गिटार जावयाची. जावई शाळेत संगीताचा मास्तर. मुलगा सोन्यासारखा, फक्त बोलायचा नाही. मिस्त्रीही बोलायचे नाहीत. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि सासऱ्या-जावयाचं बोलणं एवढ्यावरच अडलेलं:

"बरे आहात?"

"बरंय. तुम्ही?"

"बरंय."

मग दोघंही पंख्याकडे बघत बसायचे. पंख्यालाच लाजल्यासारखं व्हायचं.

त्या शुक्रवारी मात्र जावई एकटाच दारात उभा. खांद्याला गिटारीची पिशवी. म्हणाला, "बाबा, घराला रंग काढलाय. सगळीकडे धूळ आहे, रंगाऱ्यांचा भरवसा नाही. दोन दिवस ही तुमच्याकडे ठेवतो. सोमवारी शाळेच्या कार्यक्रमात वाजवायची आहे. दुसऱ्या कुणाकडे ठेवायला जीव धजत नाही."

चार वर्षांत जावई एवढं बोलला नव्हता. मिस्त्रींना भरून आलं. पिशवी त्यांनी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी घेतली. (लेक म्हणायची, आमच्या घरात पहिली ती, दुसरी मी.)

तासाभराने लेकीचा फोन आला. "बाबा, गिटार ठेवायला दिलीये. ठेवायला म्हणजे ठेवायला."

"मग मी काय तिच्यावर कपडे वाळत घालणार आहे?"

"हात लावायचा नाही."

"नाही गं बाई."

शनिवारी सकाळी काकू नवा चष्मा आणायला बाहेर पडल्या. घरात मिस्त्री, गिटार आणि शांतता. आता बघा, पिशवीच्या आत धूळ गेली असेल का नसेल? असेल. मग पुसायला नको? पुसायला काही हात लागत नाही, फडकं लागतं. मिस्त्रींनी मऊ फडकं घेतलं आणि चेन उघडली.

लाकूड पाहून ते खूश झाले. सरळ रेषा, मधासारखा रंग, वर लॅकरचा पातळ थर. मांडीवर घेऊन हळूहळू पुसत ते मधल्या गोल भोकापाशी आले. भोकाच्या खालच्या बाजूला, जिथे वाजवणाऱ्याची बोटं आपटतात, तिथे एक पांढुरका डाग होता. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा. डोळ्यात मोतीबिंदू उतरावा तसा.

मिस्त्रींनी फडकं बाजूला ठेवलं.

डागावर नखाने टिचकी मारली. शेजारी मारली की ठक, इथे मारली की टप. म्हणजे लॅकर लाकडापासून सुटलेलं होतं, आत हवा शिरलेली. पोपडा धरला होता. त्यांनी बोटाने हळूच दाबलं. डाग गेला! सोडलं, डाग आला. दाबलं, गेला. सोडलं, आला. असं त्यांनी बराच वेळ केलं. (हा खेळ सुरू केला की थांबवता येत नाही. करून बघू नका.)

सतराव्या वेळी 'टिक्' असा आवाज झाला.

पोपड्याच्या कडेचा नखाच्या कातरणाएवढा तुकडा उडून मिस्त्रींच्या चहात पडला.

मिस्त्री गिटारीकडे बघत राहिले. चार वर्षांनी जावई एक वाक्य बोलला होता, आणि त्या वाक्याला अजून चोवीस तासही झाले नव्हते. आता 'मी हात लावला नाही' म्हणायची सोय राहिली नव्हती. उद्या दुपारी जावई गिटार न्यायला येणार. त्याच्या आत हे असं बसायला हवं होतं, की मागे काही होतं याचा पत्ताही लागू नये.

तुकडा चहातून काढून, पुसून, काडेपेटीत जपून ठेवला आणि मिस्त्री कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले.

"सुटलेलं लॅकर बसवायचंय. बारीक काम आहे."

"कशावर?"

"आहे एक लाकडी वस्तू."

"कपाट?"

"कपाटापेक्षा लहान."

"स्टूल?"

"अरे बाबा, जिच्यावर बसत नाहीत असं काहीतरी!"

हार्डवेअरवाला जुना ओळखीचा. त्याने करंगळीएवढी बाटली काढली. "हा झटपट गोंद. पाण्याहून पातळ. कडेला एक थेंब सोडा, आपणहून आत पळतो आणि हवा बाहेर काढतो. डाग दिसणार नाही. पण मिस्त्री, एक लक्षात ठेवा—"

"चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात," मिस्त्री म्हणाले आणि निघाले.

एखाद्याचं वाक्य अर्धं ऐकून निघणं ही काही चांगली गोष्ट नाही. पण ते मागाहून कळतं.

घरी येऊन मिस्त्री खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. गिटार मांडीवर. तुकडा चिमट्याने उचलून जागेवर ठेवला. असा बसला, जसा कधी गेलाच नव्हता. मग श्वास रोखून टाचणीच्या टोकाने कडेला गोंदाचा थेंब सोडला. आणि काय सांगावं! पाणी जसं कोरड्या मातीत शिरतं, तसा तो आत धावला. पांढरा डाग एका बाजूने वितळत वितळत गेला आणि खालचं मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं. आणखी एक थेंब. आणखी अर्धा. डाग नाहीसा. मिस्त्रींनी मान तिरकी करून बघितलं, उजेडात धरून बघितलं. कुठे काही नाही! चाळीस वर्षांत एवढं सुंदर काम झालं नव्हतं.

आनंद झाला की माणूस सवयीने वागतो. मिस्त्रींनी अंगठा टेकवला. एक, दोन, तीन.

उचलला. उचलला नाही.

परत उचलला. अंगठ्याबरोबर गिटार वर आली.

"अरे," मिस्त्री म्हणाले.

हार्डवेअरवाल्याचं उरलेलं वाक्य काय असणार, हे त्यांना तेव्हा शब्दन् शब्द ऐकू आलं.

जोर लावावा तर बसवलेलं लॅकर मुळासकट येणार. न लावावा तर उद्या जावयाला गिटारीबरोबर सासराही पिशवीत भरून न्यावा लागणार. मिस्त्री विचार करत बसले, आणि तेवढ्यात फोन वाजला. डाव्या हाताने, अंग वाकडं करून, खुर्ची अर्धी ओढत त्यांनी तो कसाबसा घेतला. लेक होती.

"बाबा, गिटार बरी आहे ना?"

"बरी आहे."

"कुठे ठेवलीये?"

"माझ्याजवळच आहे. खाली ठेवलीच नाही."

"एवढं नका करू, बाबा. कपाटात ठेवली तरी चालेल."

"नाही, आता ते जमायचं नाही," मिस्त्री म्हणाले. (यातला एक शब्द तरी खोटा आहे का सांगा.)

फोन ठेवतात न ठेवतात तोच दार ढकलून वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आत आल्या. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण प्रश्न विचारायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. शिडी परत करायला आल्या होत्या. शिडी हातात तशीच धरून बघत राहिल्या. खिडकीत मिस्त्री, मांडीवर गिटार, कपाळावर घाम.

"हे काय मिस्त्री?"

"काही नाही. शिकतोय."

"गिटार? या वयात?"

"विद्येला वय नसतं, असं तुम्हीच म्हणता ना."

"वाजवा बघू."

आता आली का पंचाईत? उजवा हात चिकटलेला. मिस्त्रींनी डावा हात वरून आणून तारांवर फिरवला. झंग्गं.

"डावखुरे आहात होय?"

"आजपासून."

"आणि हे गाणं कोणतं?"

"ही सुरुवात आहे."

"पुढचं?"

"पुढचं अजून शिकवलेलं नाही."

मास्तरीणबाईंनी शिडी भिंतीला लावली. "शिका, शिका. मन रमतं," असं रुग्णाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या आणि गेल्या. जिन्यात त्यांना काकू भेटल्या. पुढचा संवाद मिस्त्रींना दाराआडून ऐकू आला.

"काकू, मिस्त्रींना जपा हो."

"का? काय झालं?"

"काही झालं नाही. गिटार वाजवताहेत. एकटेच. मी काही बोलले नाही, उगीच दुखावतील."

काकू आत आल्या. नवा चष्मा डोळ्यांवर. आतापर्यंत त्यांना जग जरा धूसर दिसायचं, आणि संसार त्यातच छान चालला होता. आता सगळं लख्ख दिसत होतं, आणि पहिलं दर्शन हे.

"अहो."

"हं."

"हात काढा त्या गिटारीवरचा."

"तोच तर प्रश्न आहे," मिस्त्री म्हणाले.

काकू जवळ आल्या, वाकल्या, चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. मग पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते.

"हसतेस काय?"

"हसत नाहीये. नवा चष्मा आहे, पाणी येतंय डोळ्यांना."

हसून झाल्यावर काकू कामाला लागल्या. लेकीच्या जुन्या खणातून त्यांनी एक छोटी बाटली आणली. नखांचा रंग काढायचं औषध. "याने गोंद सुटतो. पोरीने एकदा बोट चिकटवून घेतलं होतं तेव्हा हेच लावलं होतं."

मिस्त्रींनी वास घेतला आणि किंचाळलेच. "दूर ने! थिनरचा सख्खा भाऊ आहे तो! एक थेंब पडला तर सगळं लॅकर खरवडून काढल्यासारखं होईल."

"मग अंगठा तसाच राहू दे?"

"अंगठा माझा आहे. गिटार जावईबापूंची आहे."

हे ते इतकं गंभीरपणे बोलले की काकूंचं हसू थांबलं. त्या क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग साबणाचं पाणी कोमट करून आणलं, थोडं तेल आणलं आणि शिवणाच्या डब्यातून रेशमाचा दोरा काढला.

मिस्त्री बसले खुर्चीवर, काकू खाली पाटावर. पाण्याचा एक थेंब अंगठ्याच्या कडेला, लगेच फडक्याने टिपायचं, मग तेलाचा थेंब, मग दोरा अंगठ्याखाली घालून इकडून तिकडे, इकडून तिकडे. करवतीसारखा, पण गोगलगाईच्या चालीने. एका वेळी केसाएवढं सुटायचं.

"दुखतंय का?"

"नाही."

"खोटं."

"थोडं."

"काय गरज होती पण?"

मिस्त्रींनी डाव्या हाताने गिटारीची कड पुसली. मग म्हणाले, "तो म्हणाला, दुसऱ्या कुणाकडे ठेवायला जीव धजत नाही. मला वाटलं, परत द्यावी ती आणखी चांगली करून."

काकूंनी मान वर केली नाही. फक्त दोरा आणखी हळू ओढायला लागल्या. खिडकीतून ऊन सरकत पायापर्यंत आलं, रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, चहा दोनदा झाला. (काकूंनी पाजला. मिस्त्री म्हणाले, असं असेल तर रोज चिकटवून घेईन.) तास-सव्वा तासाने 'फट' असा बारीक आवाज झाला आणि अंगठा मोकळा झाला.

दोघांनी एकदमच खाली बघितलं.

लॅकर जागच्या जागी. पोपडा नाही, डाग नाही. पण बरोब्बर मधोमध, बँकेच्या कागदावर उठवावा तसा, मिस्त्रींच्या उजव्या अंगठ्याचा ठसा. एकूण एक रेघ स्पष्ट.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मिस्त्रींनी सगळं आयुष्य अंगठा उठवण्यात काढलं. पण लेकीच्या लग्नाच्या नोंदणीला सहीच करायची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. लेकीने दोन महिने शिकवलं. त्या दिवशी शाईचं पॅड बाजूला सारून त्यांनी सगळ्यांसमोर सही केली. सही खालच्या ओळीवर उतरली, साहेबांच्या नावावर चढली, पण सही होती. त्यानंतर कागदावर अंगठा कुठे म्हणून उठवला नाही. आणि आता हे.

मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने घासला. ठसा तसाच. आणखी बारीक पेपर घेतला. ठसा तसाच. रेघा वर आलेल्या नव्हत्या, गोंदात आत रुतल्या होत्या. त्यांच्या तळापर्यंत जायचं तर खाली लाकूडच लागलं असतं. शेवटी निदान चकाकी तरी आणावी म्हणून पॉलिशची पेस्ट लावून घासलं. चकाकी आली. ठसाही चकाकला.

"आता?" काकूंनी विचारलं.

"खरं सांगायचं."

"कधी?"

"चहा झाल्यावर."

रविवारी दुपारी लेक-जावई आले. अंगठ्याला चिंधी बांधून मिस्त्री दारात उभे.

"बरे आहात?"

"बरंय. तुम्ही?"

"बरंय."

चहा झाला. काकूंनी डोळ्यांनी खुणावलं. मिस्त्रींनी घसा साफ केला. "जावईबापू, तुमच्या गिटारीचं असं झालं की..."

"हो, बाबा," जावई म्हणाला, आणि सोबत आणलेल्या पिशवीतून एक चपटं पाकीट काढलं. "माझ्या डोक्यातच होतं. भोकापाशी लॅकर थोडं उठलंय. तुमच्या नजरेतून सुटलं नसेलच. वाजवताना बोटं लागून ते आणखी निघू नये म्हणून ही पट्टी मागवलीये. त्यावर चिकटवायची."

पाकिटातून काळी कुळकुळीत पट्टी निघाली. पानाच्या आकाराची, तळहाताएवढी. बरोबर ती जागा झाकेल अशी.

मिस्त्रींना वाटलं, देव आहे.

"द्या इकडे," ते उठलेच. "तुम्ही बसा. चिकटवाचिकटवीचं काम माझं."

काकूंनी "अहो" म्हटलं. पण मिस्त्री गिटार घेऊन खिडकीकडे पाठ फिरवून बसले होते. फडक्याने जागा पुसली, मागचा कागद सोलला, कड भोकाच्या वळणाला जुळवली आणि एका टोकापासून दाबत दाबत पट्टी बसवली. एक बुडबुडा नाही, एक केस इकडे-तिकडे नाही. अंगठा काळ्या पडद्याआड गडप! मिस्त्री वळले तेव्हा त्यांच्या तोंडावर दहा वर्षांनी लहान झालेलं हसू होतं.

"झालं."

"वा!" जावई म्हणाला. "सुंदर बसलीये. आता वरचा तेवढा काळा कागद काढा."

"काळा... कागद?"

"चरे पडू नयेत म्हणून वर लावतात तो. पट्टी पारदर्शक आहे, बाबा. लाकूड झाकायचं नव्हतं मला."

मिस्त्रींचे हात हलेनात. मग जावयानेच कोपरा नखाने उचलला आणि कागद सर्रकन सोलला.

खाली काचेसारखी स्वच्छ पट्टी. आणि तिच्या आत, जुन्या नाण्यांना काचेच्या पेटीत मांडतात तसा, मिस्त्रींचा अंगठा.

पंखा फिरत होता. त्याच्याकडे मात्र या वेळी कुणी बघितलं नाही.

जावयाने गिटार उजेडात तिरकी केली. "बाबा, इथला पांढरा डाग?"

"बसवला," मिस्त्री खाली मान घालून म्हणाले.

"बसवला? मी दोघा कारागिरांना दाखवली होती. ते म्हणाले, सगळं खरवडून नव्याने मारावं लागेल, नाहीतर असंच राहू द्या." त्याने टिचकी मारली. ठक. शेजारी मारली. ठक. "कसा बसवला?"

"गोंद सोडला आत. आपणहून पळतो."

"आणि हा अंगठा?"

"तो नाही पळाला," काकू म्हणाल्या.

आधी लेक फुटली. मग काकू. आणि मग चार वर्षांत पहिल्यांदाच जावई खदखदून हसला. इतका, की गिटार खाली ठेवून त्याला डोळे पुसावे लागले. लेक म्हणाली, "बाबा, दोन महिने बसून सही शिकवली तुम्हाला! शेवटी उठवलातच अंगठा?"

"पट्टी काढून देऊ का?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"हात नका लावू," जावई म्हणाला. "आता ही अशीच राहणार."

मग तो सासऱ्यांच्या शेजारी खाली बसला आणि चपडा म्हणजे काय, तो किती थर मारतात, वाळला कसा ओळखतात, असं विचारत राहिला. दिवेलागणीला लेक दोनदा म्हणाली चला, तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा उठला. जाताना दारात थांबला. "बाबा, शाळेत आणखी तीन गिटारींचं लॅकर उठलंय. आणू का?"

"आणा की!" मिस्त्री असे ताठ उभे राहिले की खांद्याचं दुखणं पार विसरले.

पुढच्या शनिवारी तीन गिटारी आल्या. बरोबर एक पुडकं. त्यात रबरी हातमोज्यांची जोडी, आणि उजव्या मोज्याच्या अंगठ्यावर लेकीने लाल रंगाने मोठी फुली मारलेली.

मिस्त्रींनी निमूट मोजे चढवले. खिडकीत बसून पहिल्या गिटारीच्या पोपड्याला थेंब सोडला. तो आत पळाला, डाग वितळला, लाकूड वर आलं. अप्रतिम. आता वाळलंय का तेवढं बघायचं. मिस्त्रींनी मोज्यातला अंगठा पुढे केला, आणि थांबले. रबरातून कुठे कळतं? त्यांनी हळूच इकडे तिकडे बघितलं आणि उजवा मोजा काढायला घेतला.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, साबणाचं पाणी आत्ताच गरम करायला ठेवू का?"